नर्स न झालेल्या पोरीची वर्गणी

वोई, बसस्टँडसमोर
सोमवार, ३ जून २०१९

वावुदा,

आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत, तेव्हा घे.

तू फोनवर माझा नंबर बंद केलास, म्हणून ही कागदाची वेळ आली. तुझा बाप घायपाताच्या मळ्यावर कामाला होता तेव्हा मी त्याला पत्रं लिहायचे, त्यानंतर पत्रासाठी आजच पेन धरलंय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी चिठ्ठी पोचली. नैरोबीच्या बसच्या कंडक्टरने माझ्या खाणावळीत मक्याच्या उगालीचा घास मोडता मोडता खिशातून काढून दिली, घडीवर तेलाचा डाग. सगळ्या मिळून चार ओळी. "आत्या, शेवटचा हप्ता भरू नकोस. नर्स होणार म्हणून गोळा केलेल्या पैशांतला एक शिलिंगही मी यापुढे घेणार नाही. मी भाषाशास्त्र शिकतेय हे डोंगरावरच्या लोकांना सांग. नाही सांगितलंस तर मी परीक्षेला बसणार नाही." आणि खाली सही, बँकेत करतात तशी. आत्याचा गुडघा कसा आहे हे विचारायला पाचवी ओळ सुचली नाही तुला.

बारा जुलैच्या आत पैसे भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे मला पहिल्या वर्षी तूच सांगितलंस. म्हणजे तुझी धमकी पोकळ नाही, एवढं मला कळतं. तू बापाच्या वळणावर गेलीस. तोही ताटावरून उठला की उठला, मग कितीही मनधरणी करा.

अगं, चार वर्षं झाली. उरलेत जेमतेम अडीच महिने. हातातोंडाशी आलेला घास टाकून कोणी उठतं का? आणि उठून करणार काय? नैरोबीत कुणाच्या तरी दुकानात उभी राहणार? अर्ध्या पदवीला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. पूर्ण पदवीला तरी विचारतात का, याची मला शंकाच आहे, पण तो विषय वेगळा.

लोकांचं म्हणशील तर लोक चांगले आहेत. डोंगरावर चर्चबाहेर भेटले की विचारतात, आपली नर्स कशी आहे, कधी येणार. मी म्हणते, येईल. यात खोटं काय? कधीतरी येशीलच की तू.

हरांबेच्या दिवशी जे झालं ते झालं. दीडशे माणूस जमलेलं, तुझ्या फीसाठी वर्गणी पडतेय, मध्येच कोंबड्याचा लिलाव चाललाय, अशा गोंधळात कोण काय बोललं ते आज चार वर्षांनी उकरून काय मिळणार? आणि तूही तिथेच होतीस, नवा निळा फ्रॉक घालून. तुझ्याही तोंडाला कुलूपच होतं. चूक झालीच असेल तर आपण दोघींनी अर्धी अर्धी वाटून घेऊ.

हप्त्याचे चौतीस हजार महिला गटाच्या खात्यात पडून आहेत. येत्या सोमवारी जाऊन भरते. तू मुकाट्याने परीक्षेला बस.

तुझी आत्या
पेनिना मकावासी


वोई
मंगळवार, ११ जून

वावुदा,

या खेपेला एकच ओळ. "भरलेस तरी बसणार नाही, तू सांगणार आहेस की नाही, एवढंच कळव." बरं, तारेचे पैसे वाचवतेस जणू.

मी पैसे भरले नाहीत. घाबरून नाही, माझा गुडघा धरला होता.

आता माझंही ऐक. समज, मी लोकांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, पोरगी नर्स होत नाही, भाषाशास्त्र शिकते. लगेच पहिला प्रश्न येणार, त्याने होतं काय? नोकरी कुठली लागते, पगार किती? मग मी तिथे काय, आभाळाकडे बघू? म्हणून गेला आठवडाभर मी चौकशी करत होते. खाणावळीचा हा एक फायदा. सगळं वोई कधी ना कधी पोटाला माझ्याकडे येतं.

पहिला धरला तो बँकेतला पोरगा. चष्मेवाला, रोज दोन चपात्या आणि राजमा खातो. त्याला विचारलं, भाषाशास्त्र शिकलेला माणूस पुढे काय करतो रे? तो जेवायचा थांबला. म्हणाला, मी तेच शिकलोय. मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही, खरंच, तुझ्यासारखीच चार वर्षं. मी म्हटलं, मग इथे नोटा कशा काय मोजतोस? म्हणाला, मोजता येतात म्हणून ठेवून घेतलं. त्याला पश्चात्ताप होतो का, तेही विचारलं. त्याने राजमा ढवळला आणि म्हणाला, नाही. त्या दिवशी मी त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग कोर्टातला दुभाषा. म्हातारे साक्षीदार आपल्या डोंगराच्या बोलीत बोलतात, हा बाबा ते न्यायाधीशाला सांगतो. त्याच्याकडे पदवीबिदवी काही नाही, पण आता नव्या माणसाकडे मागतात म्हणे. त्याची जागा दोन वर्षांनी रिकामी होईल. एक जागा, वावुदा. सगळ्या वोईत एक. त्याने मात्र तुझं नाव, वय सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस आत जातो, त्यामुळे शिकलेलं कुणी आलं तर बरंच.

पाद्रीसाहेब म्हणाले, शाळेत मास्तरीण होता येईल, पण नेमणुकीची रांग लांब. पाच वर्षं, सात वर्षं. नैरोबीत काही लोक आवाजाच्या टेपा ऐकून लिहून देतात, त्याचे तासावर पैसे मिळतात, असं तू मागे म्हणाली होतीस ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तेही एक कामच आहे. पाद्री कशालाही वाईट म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत मी फारसं धरलं नाही.

आणि शेवटी न्यांबू, रीघाची मुलगी. ती तर खरीखुरी नर्स. परीक्षा पहिल्या वर्गात, पांढरा गणवेश घरात खिळ्याला टांगलेला. तीन वर्षं झाली, नेमणूक नाही. रेल्वेच्या भिंतीपाशी ताडपत्री टाकून जुने कपडे विकते. माझ्यासाठी एक स्वेटर काढून ठेवला होता तिने, घेतला. तिची आई रीघा मात्र अजून गटाच्या बैठकीत मान ताठ करून बसते आणि गेल्याच महिन्यात तळलेल्या मंदाझीच्या आकारावरून माझ्याशी भांडली.

तर एवढं फिरून मला कळलं काय? काही नाही. नर्स झालेली कपडे विकते, भाषाशास्त्र झालेला नोटा मोजतो, काहीच न शिकलेला कोर्टात बसतो. तू चार वर्षं माझ्या हाताखाली खाणावळीत बसली असतीस तर आज आपली दुसरी खाणावळ असती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडा टोमणा आहे.

लोकांना सांगण्यासारखं काही उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव, मग बघते.

आत्या


वोई
गुरुवार, २० जून

वावुदा,

दोन पानं आली तुझी. बऱ्याच दिवसांनी तुझं अक्षर इतकं बघितलं. आधी उभ्यानेच वाचलं, मग मागच्या खोलीत जाऊन बसून वाचलं.

तू लिहिलंयस, मी नोकरीचं विचारत फिरतेय आणि तू दुसरंच काहीतरी मागतेयस. तू लिहिलंयस, "आत्या, तू मला चिमटा काढला होतास, आठवतं का?"

आठवतं.

मागच्या पत्रात अर्धी अर्धी चूक म्हटलं होतं ना, ते खोडून टाक. मी इथे सगळं लिहिते, म्हणजे तुला एकदा कळेल की मला सगळं आठवतं.

वर्गणीची पाटी पहिल्यांदा फिरली तेव्हा तिच्यात काही नव्हतं. नाणी आणि दोन-चार शंभराच्या नोटा. मग मागून कुणीतरी विचारलं, पोरगी शिकणार काय? सभा चालवायला म्वांगेमी मास्तर होते, पण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी तुझा प्रवेशाचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पेनिना, वाच. कागदावर काय होतं ते मला पाठ होतं. आठवडाभर आपण दोघींनी तो कागद चुलीपाशी ठेवून भांडून काढला होता. तू म्हणालीस, मीच निवडलंय, मला हेच हवंय. मी म्हणाले, असल्या शब्दाला कोण वर्गणी देईल?

समोर कालेला आजोबा बसले होते. त्यांची बायको त्याच वर्षी फेब्रुवारीत मोटारसायकलवरून खाली नेता नेता वाटेत गेली होती. दवाखान्याला आठ महिने कुलूप होतं, नर्स नाही म्हणून. ते सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बोलले. मी माईक घेतला आणि म्हटलं, पोरगी नर्स होणार आहे, शिकून परत येणार आहे, आपल्याच दवाखान्यात बसणार आहे.

तू बाजूने माझ्या खांद्यावरचा कांगा ओढलास. मी तुझ्या कोपराच्या वर चिमटा काढला. चांगला जोरात. तू कांगा सोडलास.

मग काय, लोक उठले. कालेला आजोबांनी पाच हजार टाकले आणि वर मधाचा डबा. ज्यांच्या शेतातला मका त्या वर्षी हत्तींनी खाल्ला होता त्यांनीही टाकले. रात्री वही मिटली तेव्हा एकसष्ट नावं होती. मला वाटलं, मी जिंकले. मनात म्हटलं, तिकडे जाऊन पोरगी विषय बदलेल, म्हणजे खोट्याचं खरं होईल. तू बदलला नाहीस. दर सुट्टीत तू यायचीस आणि लोक तुला गळवं दाखवायचे, जीभ काढून दाखवायचे, आणि तू माझ्याकडे बघायचीस. मी चुलीकडे बघायचे.

आणि शेजारच्या सांबाचं बाळ. त्याबद्दल तू अर्धं पान लिहिलंयस, पण त्यातही मला सांभाळून घेतलंयस. कशाला सांभाळतेस? आपण डोंगरावरच्या घरी होतो, दुपारची वेळ होती, बाळाचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. सांबा दारात आली आणि तू म्हणालीस, मी नर्स नाही, आत्ताच्या आत्ता वोईला ने. परत म्हणालीस, मी नर्स नाही. आणि मी हसून तिला म्हटलं, अगं, परीक्षा व्हायचीय म्हणून तसं म्हणते, बस तू, घाबरू नकोस. माझ्या शब्दावर ती तासभर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसली. झटके यायला लागले तेव्हा तूच बाळाला छातीशी बांधून मोटारसायकलवर बसलीस. आणखी उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले, ते तू मला घरी येऊन सांगितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलीस, त्याला आता दीड वर्ष झालं.

बाळ वाचलं म्हणून मी हे सगळ्यांपासून झाकलं. स्वतःपासूनही झाकलं, पण ते नीट जमलं नाही.

आता हे झालं तुझ्या-माझ्यातलं. पण लोकांना सांगायचं म्हणजे, बाई, माझ्या हातात आता काय आहे? एक खाणावळ आणि एक शब्द. पेनिनाने सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं डोंगरावर म्हणतात. म्हणून तर गटाची तिजोरी दहा वर्षं माझ्याकडे आहे. माझी एक विनवणी आहे. तू परीक्षा दे, पदवी घे. डिसेंबरमध्ये मी स्वतः सांगते. तोवर कुणाचं काही बिघडत नाही.

तुझी
आत्या


वोई
सोमवार, १ जुलै

वावुदा,

तुझं "नाही" मिळालं. या खेपेला त्याचा राग आला नाही, कारण ते यायच्या आदल्याच दिवशी दुसरं काही घडलं होतं.

शनिवारी सांबा आली होती. पोरगं बरोबर होतं. आता चांगलं धावतं, माझ्या पिठाच्या डब्यात हात घालून पांढरं होऊन आलं. सांबाला सातवा महिना लागलाय. मी म्हटलं, या वेळी वेळेवर खाली ये, माझ्याकडे राहा, इथून इस्पितळ दहा मिनिटांवर. ती म्हणाली, कशाला आत्या, सप्टेंबरात वावुदा येणारच आहे ना, घरीच होईन. सासूलाही तिने तसंच सांगून टाकलंय.

मी चहा ओतत होते तो कपाबाहेर ओतला. कुणाचं काही बिघडत नाही, असं मी तुला दहा दिवसांपूर्वी लिहिलं होतं.

तिला तिथेच सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, एकीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत डोंगरभर तेच, तेही तिखटमीठ लावून. सांगायचं तर सगळ्यांना, माझ्या तोंडून. पण तिला एवढं बजावलंय की काही झालं तरी घरी होऊ नकोस, आणि ती का म्हणून विचारत असताना मी भांडी घासायला गेले.

म्वांगेमी मास्तरांना निरोप पाठवलाय. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमागच्या झाडाखाली हरांबेच्या वहीतल्या सगळ्या नावांनी थांबायचं. कशासाठी ते त्यांनी विचारलं, मी म्हटलं, हिशेब द्यायचाय.

मला भीती वाटते, वावुदा. सरळ लिहिते. छप्पन्न वर्षांची बाई मी, कुणाच्या बापाला घाबरले नाही, आणि आता रविवारचा विचार आला की हातातलं लाटणं थांबतं. तू येऊन शेजारी उभी राहा असं लिहिणार होते. ते वाक्य दोनदा लिहून खोडलं, दिसत असेल. येऊ नकोस. मागच्या खेपेला तू माझ्या शेजारीच उभी होतीस.

आत्या


वोई
सोमवार, ८ जुलै

वावुदा,

सांगितलं.

सत्तर-ऐंशी माणसं होती. मी माईक घेतला नाही. उभी राहिले आणि म्हणाले, वावुदा नर्स होत नाहीये. ती कधीच नर्स होणार नव्हती. कागदावर भाषाशास्त्र लिहिलं होतं, मी वाचताना खोटं वाचलं. पोरीने मला अडवलं, मी तिला चिमटा काढून गप्प केलं. चार वर्षं तुम्ही जे विचारत होतात त्याला मी जी उत्तरं दिली ती सगळी माझी होती, तिचं त्यात काही नव्हतं. सांबा, तू खाली इस्पितळात जा. एवढं बोलून मला बसायचं होतं, पण बसले नाही.

मग रीघा उठली. तिला अशी संधी दहा वर्षांत मिळाली नव्हती, आणि तिने ती काही वाया घालवली नाही. चार वर्षं आम्हाला वेड्यात काढलंस, म्हणाली. तिजोरीची किल्ली दे, म्हणाली. मी किल्ली कमरेची सोडून मास्तरांसमोर ठेवली. मागच्या पोरांनी आरडाओरडा केला, कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं पोरीलाच बोलवा.

सांबा पोराला कडेवर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "त्या दिवशी वावुदाने मला दोनदा सांगितलं होतं, मी नर्स नाही. मी तिचं ऐकलं नाही, हिचं ऐकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्याशी मला बोलायचं नाही." आणि गेली. ती अजून बोललेली नाही. बोलेल असं मी धरून चाललेली नाही. तिच्या नवऱ्याने मात्र आज सकाळी इस्पितळात नाव नोंदवलंय, ते मला न्यांबूकडून कळलं.

गलका वाढला तेव्हा म्वांगेमी मास्तरांनी वही उघडली. आज चष्मा होता. म्हणाले, ओरडून काही होत नाही, ज्याने दिलं त्यालाच विचारू. मी एकेक नाव वाचतो. पोरीचा हप्ता पाच दिवसांवर आलाय. भाषाशास्त्रासाठी पैसे राहू द्यायचे असतील तर म्हणा, ठेवा. नसतील तर म्हणा, परत. कुणी कुणाला बोलायचं नाही.

आणि वाचायला लागले. तुला सगळी एकसष्ट नावं लिहीत नाही. ठेवा, ठेवा, परत, ठेवा. काहींनी आधी विचारलं, त्याने होतं काय? मी जे कळलं होतं ते सांगितलं. बँकेतला पोरगा, कोर्टातली एक जागा, मास्तरकीची रांग, तासावरचं काम. काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही. एक जण म्हणाला, म्हणजे नक्की असं काहीच नाही. मी म्हटलं, नाही.

कालेला आजोबांचं नाव आलं. मला वाटलं होतं, ते तरी म्हणतील ठेवा. तू सुट्टीत येऊन त्यांच्यापाशी दुपारभर बसायचीस, मधमाश्यांचं ऐकायचीस, लिहून घ्यायचीस. ते काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "परत. पोरीवर माझा राग नाही, ती गुणाची आहे. पण मी दिले ते दवाखान्यासाठी दिले होते. माझी बायको रस्त्यात गेली." मी मान खाली घातली. त्यांचं बरोबर होतं.

मग रीघा. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "माझी न्यांबू नर्स आहे. भिंतीपाशी बसून जुने कपडे विकते. तिला नर्स कर म्हणून मीच मागे लागले होते, तिला काय हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. ठेवा." आणि बसली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं, आणि तिच्यासमोर आलं याचं जास्त वाईट वाटलं.

चौदा जणांनी परत मागितले. ते मी फेडणार, खाणावळीतून, महिन्याला थोडे थोडे. त्यात तू नाक खुपसायचं नाही. शेचाळीस जणांनी ठेवा म्हटलं. आजपासून तिजोरी रीघाकडे आहे, आणि हप्ता तिनेच सकाळी बँकेत जाऊन थेट तुझ्या विद्यापीठाच्या खात्यात भरला. चष्मेवाल्याने नोटा मोजल्या. पावती सोबत आहे. हे पैसे आता भाषाशास्त्राचेच आहेत. ज्यांनी दिले त्यांनी ते नाव ऐकून, विचार करून, परत एकदा दिलेत. तू परीक्षेला बस. आता नाही म्हणायला तुझ्याकडे कारण उरलेलं नाही.

शेचाळीस आणि चौदा साठ होतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल. एकसष्टावं नाव माझं होतं. वही मीच लिहिलेली, आणि स्वतःचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. मास्तर म्हणाले, पेनिना मकावासी, ठेवायचे की परत?

इतरांना चार वर्षांपूर्वी फसवलं म्हणून आज विचारलं जात होतं. मला तर कुणी फसवलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं, तरी मी दिले होते ते नर्ससाठीच. मनातल्या मनात मी तुला नर्सच करत होते, आज बदलेल, उद्या बदलेल. तू जे शिकतेस त्यासाठी मी एक शिलिंगही दिला नव्हता, वावुदा. चार वर्षांत घरात, खाणावळीत, चर्चमध्ये, कुठेही मी त्या विषयाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सगळे थांबले होते. मी म्हटलं, ठेवा, भाषाशास्त्रासाठी.

आता तुला डोंगरावर कुणी गळू दाखवणार नाही. आलीस तर ये, नाही आलीस तरी मी कुणाला काही सांगत बसणार नाही. सुनावतील ते मी ऐकून घेईन, ती माझी पाळी आहे.

एक विचारायचं राहिलं. बँकेतल्या पोराला विचारलं, दुभाषाला विचारलं, पाद्रींना विचारलं, त्याने होतं काय, मिळतं काय. तुला कधी विचारलंच नाही. तू तिथे नेमकं शिकतेस तरी काय गं? परीक्षा झाली की सावकाश लिही. लांबलं तरी चालेल, मी मागच्या खोलीत बसून वाचीन.

तुझी आत्या
पेनिना